नववीची कुरटे बेटावरची सागर-सहल: दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

आमची शाळा घाटाच्या पायथ्याशी. मालवण इथून ऐंशीएक किलोमीटर, जिल्हा एकच, तरी वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो गणपतीच्या सुट्टीत मामाकडे जाता-येता, एसटीच्या खिडकीतून. म्हणून नववीची सहल आम्ही कुरटे बेटावर नेतो. सिंधुदुर्ग किल्ला ज्या बेटावर उभा आहे, तेच कुरटे. परिपत्रक दप्तरातून घरी पोचलं की दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागतो, आणि प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. या पानावर त्यांची उत्तरं लिहून ठेवली आहेत. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. घाईत असाल तर पोहण्याचा, सामानाचा आणि झारीचा (म्हणजे जेलीफिशचा) प्रश्न तेवढा वाचा.

सहलीची तारीख शनिवार-रविवार सोडून भलत्याच वारी का? आणि ती पंचांग बघून का ठरवता?

कारण समुद्राचं वेळापत्रक तिथीवर चालतं. आम्हाला बघायचं आहे ते पाण्याखालचं खडप, म्हणजे काठचा खडकाळ पट्टा, आणि तो उघडा पडतो ओहोटीला. ओहोटी सकाळच्या उजेडात हवी, आणि पाणी चांगलं खाली उतरलेलं हवं. या दोन्ही गोष्टी महिन्यातून मोजक्याच दिवशी जुळतात.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. भरती आणि ओहोटीत सहा तासांच्या थोडं वर अंतर असतं, म्हणून ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. रोज चंद्र उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी जास्त मागे सरकते.

मग पौर्णिमेलाच का जात नाही, तेव्हा तर उधाण असतं? बरोबर, उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. पण पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला किंवा संध्याकाळी सूर्य बुडताना. काळोखात पन्नास मुलं निसरड्या खडकावर न्यायची माझी छाती नाही. अष्टमीला उलटी गत. ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, पण तो भांगाचा काळ, पाणी नीट उतरतच नाही. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतरही एक-दोन दिवस राहतो, म्हणून तृतीया ते पंचमी हे आमचे दिवस.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या सोयीचा शनिवार धरला. निघाली अष्टमी. मुलं भर दुपारी काठावर उभी राहून लाटा मोजत होती आणि खडप पाण्याखाली होतं. होडीवाल्या काकांनी सगळं बघून शांतपणे सांगितलं, "बाई, घड्याळ बघू नकात, पाणी बघा."

ठोकताळा तो ठोकताळाच. पक्की वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घेतो. मुंबईच्या वेळा मालवणला जशाच्या तशा लागू होत नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण एक पालक दरवर्षी मोबाइलवर मुंबईची वेळ काढून माझी चूक दाखवतात. उंचीतही फरक आहे. मुंबईला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं, मालवणला साधारण त्याच्या निम्मं.

तीन दिवस नेमकं काय-काय करणार?

तृतीयेला सकाळी शाळेतून निघून कणकवलीमार्गे दुपारपर्यंत मालवण. संध्याकाळी दांडीचा किनारा आणि मासळीचा लिलाव. चतुर्थीला सकाळी साडेसातला धक्का, आठला बेटावर, ओहोटीत खडप, मग किल्ला आणि विहिरी, दुपारी अडीचला परत. पंचमीला मालवणच्या बाजूच्या खडपावर दुसरी मोजणी, जेवण, वाटेत कोळंबच्या खाडीत खारफुटी, आणि घर.

रापण लागलेली असली तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून आम्ही तिकडे पळतो. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडलेलं असतं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आणि ओढायला दोन-तीन डझन माणसं लागतात. रापणकरांनी परवानगी दिली तर मुलंही दोराला लागतात. तारली, बांगडे, पेडवे, एखादी म्हाकूल, आणि बरंच काही ज्याचं नाव मला येत नाही पण तिथल्या पाचवीतल्या पोराला येतं.

मुक्काम बेटावरच का नाही? तंबू लावले तर मुलांना किती मजा येईल!

येईल. पण किल्ला संरक्षित स्मारक आहे, काही कुटुंबांचं ते घर आहे, आणि रात्री दोन वाजता कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर मध्ये समुद्र आहे. रात्री सगळे मालवणात झोपतील, मुलं आणि मुली वेगवेगळ्या मजल्यांवर, प्रत्येक मजल्यावर दोन शिक्षक. यावर दरवर्षी चर्चा होते. यापुढे होणार नाही.

"माझ्या झिलाक पेवाक येणा नाय." चालेल का?

चालेल. सहलीत पोहणं नाहीच. ज्यांना उत्तम पोहता येतं त्यांच्यासाठीही नाही. विहिरीत सूर मारणारी मुलं मला जास्त धास्ती लावतात; विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं, समुद्राचं पायाखालची वाळू घेऊन निघून जातं.

नियम एकच, आणि तो गुडघ्याचा. पाणी गुडघ्याच्या वर आलं की मागे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून सहलीच्या परवानग्या कडक झाल्या आहेत, आणि त्या तशा असाव्यात असं माझं मत आहे. मुरुडचा किनारा उथळ, दिसायला गरीब. माणूस चालत आत जातो आणि भरती मागून येते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला ओढाही असाच फसवा, म्हणून फोटो कितीही सुंदर येत असले तरी आम्ही संगमावर पाण्यात उतरत नाही.

खडपावर दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि बाहेरच्या बाजूला पाण्याकडे तोंड करून उभा असलेला एक स्थानिक माणूस. त्याचं काम मुलांकडे बघणं नाही, समुद्राकडे बघणं. त्याने शिट्टी मारली की हातातलं सोडून सगळे वर.

होडी सुरक्षित असते का?

मालवणच्या धक्क्यापासून बेट दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाटेत पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्यामधून जाणारी वाट होडीवाल्यांना तोंडपाठ असते. सिंधुदुर्ग बांधायला ही जागा निवडली गेली त्याचं हेही एक कारण: परक्या जहाजाला ही वाट सापडणं कठीण.

आमच्या अटी अशा. परवान्यावर लिहिलेत त्यापेक्षा एकही माणूस जास्त नाही. लाइफ जॅकेट धक्क्यावरच अंगात, बंद सगळे लावलेले, उतरल्यावरच काढायचं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले, तीही किनाऱ्याजवळच. "जवळच तर जायचंय" हे वाक्य मी ऐकून घेत नाही. जॅकेट घालायला नकार देणारा विद्यार्थी धक्क्यावर सरांसोबत बसेल. एका वर्षी एक बसला होता, आणि त्याला सरांनी शहाळं पाजलं, त्यामुळे शिक्षा म्हणून ते फारसं उपयोगी पडलं नाही.

बोट लागली तर?

दहा मिनिटांत फार कुणाला लागत नाही. एसटी लागणाऱ्यांनी सकाळी उपाशी येऊ नये, तेलकटही खाऊ नये. घावणे आणि चटणी ठीक. होडीत मध्यभागी बसावं, क्षितिजाकडे बघावं, मोबाइलकडे नाही. आवळासुपारी माझ्याकडे असते.

खडपावर बघण्यासारखं असतं तरी काय? तिथे तर नुसते दगड आणि कालवं.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणारे पालक बहुतेक वेळा कालवं काढून खाल्लेले असतात आणि त्यांना माझ्याहून जास्त माहिती असते, फक्त ते तिला अभ्यास म्हणत नाहीत.

खडप वरून खाली बघत उतरायचं. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचे शिंतोडे पोचतात, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी फटींमध्ये चिकटलेल्या असतात. त्याखाली बार्नेकलचा खरखरीत पांढरा थर. बार्नेकल दिसतं शिंपल्यासारखं, पण नातं कोळंबी-कुर्लीशी. त्याच्याखाली कालवं. आणि अगदी खाली, जिथे ओहोटीतही खडक ओला राहतो, तिथे शेवाळं, समुद्रफुलं, आणि झोअँथिड नावाच्या बटणासारख्या जीवांचे गालिचे. मुलांनी शोधायचं ते हे की हे पट्टे असे आखल्यासारखे का. वरची सीमा बहुतेक ऊन आणि कोरडेपणा ठरवतो: जो जीव सहा तास पाण्याविना तगेल तोच वर राहील. खालची सीमा शेजारी ठरवतात, कुणी जागा बळकावतो, कुणी खातो. पुस्तकात "अनुकूलन" हा शब्द आहे. इथे तो दोन मीटरच्या उतारावर पसरलेला दिसतो.

मोजणीसाठी पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकट असते. ती खडपावर ठेवायची, आत काय किती आहे ते लिहायचं, सरकवायची, पुन्हा लिहायचं. दर गटाच्या दहा चौकटी. पहिल्या दोन चौकटींना मुलं कंटाळतात. तिसरीत कुणाला तरी "दगड" चालताना दिसतो, म्हणजे शंखात शिरून बसलेला संन्यासी खेकडा, आणि पुढचा दीड तास त्यांना वर बोलवायला शिट्टी लागते. डबक्यातल्या समुद्रफुलावर सावली पडली तरी काही हालचाल होत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की ते मिटतं, हे नववीतल्या एका मुलीने स्वतः शोधलं. मी तोवर सावलीलाच दोष देत होते.

फोटो आम्ही नंतर आयनॅचरलिस्ट या जीवसृष्टीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो, शाळेच्या खात्यावरून. ओळख पटवायला जाणकार लोक मदत करतात, आणि पुढच्या वर्षीच्या नववीला मागच्या नववीच्या नोंदी मिळतात.

प्रवाळ दिसेल का? डॉल्फिन?

प्रवाळ इथे आहे, पण बहुतेक पाण्याखाली, आणि चित्रातल्यासारखं रंगीबेरंगी नाही. तपकिरी, हिरवट, गोटा-गोटा. ओहोटीच्या कडेला एखादं डोकं दिसलं तर दिसलं. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की तो ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, एवढं आम्ही आधी वर्गात शिकवतो.

डॉल्फिनची खात्री कुणी देत असेल तर तो तिकिटं विकतोय.

स्कूबा करू द्याल का? मालवणला जाऊन स्कूबा नाही म्हणजे…

नाही. स्कूबा वाईट म्हणून नाही. पन्नास मुलांचे कान, सर्दी, दमा तपासून प्रत्येकामागे एक प्रशिक्षक देणं हे शाळेला झेपणारं काम नाही. घरच्यांसोबत या, चांगला प्रशिक्षक बघा, डिसेंबर-जानेवारीत पाणीही स्वच्छ असतं. त्यातही एक विनंती: ज्या जागी माशांना ब्रेड घालून फोटो काढतात तिथे जाऊ नका.

शंख-शिंपले घरी आणायचे का? देव्हाऱ्याला हवे आहेत.

आणायचे नाहीत. रिकामेसुद्धा नाहीत.

हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. ते १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा गाभा, आणि सिंधुदुर्ग व पद्मगड याच गाभ्यात. शाळा वनविभागाची लेखी परवानगी घेऊन जाते. त्या कागदावर माझी सही असते. प्रवाळाचा मेलेला तुकडा उचलणंही वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. समुद्री घोडा, समुद्री काकडी यांनाही तोच कायदा लागू.

रिकाम्या शंखाचं कारण वेगळं. संन्यासी खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याला राहायला दुसऱ्याचा शंख लागतो, आणि वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. चांगला शंख तुम्ही शोकेसमध्ये ठेवलात की त्याची खोली गेली. शिवाय रिकामा वाटणारा शंख रिकामा असतोच असं नाही. दोन वर्षांपूर्वी परतीच्या एसटीत कणकवली मागे पडल्यावर मागच्या बाकांवर वास सुटला. सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. शेवटी एका विद्यार्थ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेला शंख निघाला आणि आत बिचारा घरमालक मेलेला. त्या मुलाने पुढच्या वर्षी आपणहून आठवीच्या वर्गात येऊन हे सांगितलं. मी सांगितलं असतं तर इतक्या शांतपणे ऐकलं नसतं.

खाऱ्या समुद्रात किल्ल्यावरच्या विहिरी गोड्या कशा?

दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ऐकूनच मुलं निम्मी जिंकलेली असतात. शिवकालापासूनचा चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मी ती चमत्कार म्हणून सांगत नाही, आणि त्याने तिची गोडी कमी होते असं मला वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेटावर पडलेलं पाणी जमिनीत मुरतं. एक लिटर गोडं पाणी एक किलोचं, तर एक लिटर समुद्राचं पाणी सुमारे १,०२५ ग्रॅमचं. हलकं वर राहणार. म्हणून बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखं. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी साचलं तर खाली चाळीसएक फूट गोडं पाणी असतं. उलटही खरं: वरचं एक फूट उपसून संपवलं की खालून चाळीस फूट खारं वर येतं. किनाऱ्यावर पंप बसवून विहीर खारी करून घेतलेले नातेवाईक प्रत्येकाच्या घरात एक तरी असतात.

हे भिंग वाळूच्या बेटात नीट तयार होतं. कुरट्याला खडक आहे, पाणी भेगांतून मुरतं आणि साठतं, त्यामुळे तिन्ही विहिरी सारख्या असतील असं धरून चालता येत नाही. म्हणून मोजायचं. आमच्याकडे क्षार मोजायचं पेन आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरा पर्याय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,०००. तो आकडा त्या पेनात मावत नाही. दहापट पातळ करून मोजायचा आणि दहाने गुणायचा. हे आधी सांगायचं नाही. पेन बिघडलं म्हणून मुलं ओरडत येतात, मग सांगायचं.

पाणी विहिरीवरच्या माणसांना विचारून, त्यांच्या बादलीनेच घ्यायचं. ती त्यांची रोजच्या वापराची जागा आहे.

म्हणजे इतिहास बाजूलाच राहणार?

इतिहासाचे सर आमच्याबरोबर असतात आणि त्यांना दोन तास दिलेले आहेत. पायाभरणी नोव्हेंबर १६६४, मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याची पूजा करून. बांधकामावर हिरोजी इंदुलकर. क्षेत्र ४८ एकर, तटाचा घेर तीनएक किलोमीटर. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे. सर हे सगळं माझ्याहून फार रंगवून सांगतात. मी फक्त एक प्रश्न मध्ये घुसवते: प्रवेशद्वार अगदी जवळ जाईपर्यंत का दिसत नाही? उत्तर मुलांना होडीतूनच शोधायला सांगितलेलं असतं.

झार, पाकट, केंड… काही चावलं-डसलं तर?

झार म्हणजे जेलीफिश. किनाऱ्यावर मरून पडलेली असली तरी तिचे धागे डसतात, म्हणून काठीनेही ढवळायचं नाही. डसलीच तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणीही ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागे चिमट्याने काढायचे, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसएक मिनिटं ठेवायचा. आजीचे इतर उपाय कृपया मुलाला शिकवून पाठवू नका. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर थेट दवाखाना.

पाकट वाळूत पुरून बसते आणि शेपटीचा काटा मारते. म्हणून वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, घसटत न्यायचे. तिला चाहूल लागली की ती स्वतःच निघून जाते. काटा लागला तर गरम पाणी आणि दवाखाना, दोन्ही. केंड मासा फुगतो तो बघायचा, हाताळायचा नाही. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख अजिबात उचलायचे नाहीत, त्यातल्या काहींचा डंख विषारी असतो.

प्रत्यक्षात दरवर्षी होते ती एकच दुखापत: कालवाने कापलेला पाय. तोही चप्पल घालून आलेल्याचा. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. १०८ आणि ११२ मुलांना पाठ असतात. तटरक्षक दलाचा १५५४ आम्ही पाठ करून घेतो. दमा, ॲलर्जी, फिट यांबद्दल फॉर्मवर खरं लिहा. "मग नेणार नाहीत" या भीतीने लपवू नका. नेऊ, पण माहीत असायला हवं.

सामान काय द्यायचं?

जुने, मागून बंद असलेले बूट, भिजले तरी चालतील असे. नवे पांढरे बूट देऊ नका, मूल खडप सोडून बूट सांभाळत बसतं. पायात घालायचे मोजे दोन जोड. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, पंचा, सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. पाण्याची बाटली दोन लिटरची. शिसपेन्सिल दोन. पेन नको, शाई भिजली की तीन दिवसांची मोजणी निळी होऊन जाते. सोन्याचं काहीही नको.

खाऊ द्या, पण वेफर्सची पाकिटं बेटावर जाणार नाहीत. लाडू, खाजं डब्यात चालेल.

मुलीची पाळी त्याच दिवसांत आली तर?

तर ती यायची आहेच. गुडघाभर पाण्याच्या कामाला काही अडचण नाही, नको वाटलं तर ती नोंदी घेईल. पॅड, औषध आणि कागदी पिशव्या माझ्याकडे आणि दुसऱ्या बाईंकडे असतात. बेटावर जायच्या आधी आणि आल्यावर स्वच्छतागृहाची वेळ ठरलेली आहे. मंदिराबद्दल घरचा जो रिवाज असेल तो तिने पाळावा न पाळावा. शाळा विचारत नाही.

जेवणाचं काय? आमच्याकडे मासे चालत नाहीत.

दोन्ही पंगती वेगळ्या. शाकाहारींना डाळ, भात, काळ्या वाटाण्याची उसळ, भाजी. बाकीच्यांना बांगड्याचं तिखलं किंवा जे त्या दिवशी उतरलं असेल ते. सोलकढी सगळ्यांना. पौर्णिमेनंतरची चतुर्थी असेल तर संकष्टी येते, ज्यांचा उपास असेल त्यांनी आधी सांगा. मात्र त्या दिवशी उन्हात चार तास काम आहे, नुसत्या पाण्यावरचा उपास नको. साबुदाणा करून देतात.

मोबाइल?

नाही. गटाला एक कॅमेरा. रोज रात्री आठला शिक्षक पालकांच्या ग्रुपवर सगळे सुखरूप असल्याचा एक निरोप टाकतील. नऊच्या आत निरोप आला नाही तरच फोन करा.

वर्गणी कशाकशाची? कमी होईल का?

एसटी, होडी, मुक्काम, जेवण, विमा. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, ते धरूनच आकडा काढला आहे. ज्यांना जमत नसेल त्यांनी मला एकटीला सांगा. वर्गात कळत नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि तुमचं संमतीपत्र यांशिवाय कुणीही गाडीत बसणार नाही. वडील मुंबईला असतील तर आईची सही पुरते.

हवामान बिघडलं तर?

होडी चालू नसेल तर बेट नाही. बंदर खात्याने बावटा लावला की होडीवाल्या काकांशी हुज्जत घालायची नाही, हे आम्ही शिक्षकांनाही बजावतो. तेव्हा मालवणच्या बाजूचं खडप आणि कोळंबची खारफुटी. तिथली पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, चिखलातून वर आलेली तिची श्वसनमुळं मोजायला अर्धा दिवस पुरत नाही, आणि निवट्या हा मासा चिखलावर उड्या मारत चालताना बघून बेट हुकल्याचं दुःख बरंच कमी होतं. पावसाळ्यात सहल नसतेच. तेव्हा किल्ल्याची होडीसेवाच बंद असते.

आम्ही पालक सोबत येऊ का?

दोन पालक चालतील, चिठ्ठी टाकून. स्वतःच्या मुलाच्या गटात राहता येणार नाही. कालवं काढता येणाऱ्या आया आल्या तर मला आनंदच आहे. फक्त काढायची नाहीत, दाखवायची.

याला गुण आहेत का?

वहीला आहेत. दहा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. दुसऱ्याच्या वहीतले आकडे उतरवलेले कळतात, कारण दोन गटांच्या चौकटीत सारखीच कालवं निघणं फार क्वचित घडतं.

परत कधी?

पंचमीला रात्री साडेआठपर्यंत शाळेच्या फाटकाशी. कोळंबला मुलं रमली तर नऊ. बॅगेत ओले कपडे आणि वाळू असेल. धुवायला टाकण्याआधी खिसे तपासा. आम्ही एसटीत चढताना तपासतो, पण पोरं हुशार आहेत. काही जिवंत सापडलंच तर फेकू नका, समुद्राच्या पाण्याची एक बाटली माझ्याकडे असते. रात्री कितीही वाजले असले तरी फोन करा.